'द डार्क क्रिस्टल': बाहुल्यांचा चित्रपट पुन्हा पुन्हा का पाहावासा वाटतो

किल्ल्यातलं एक लांबलचक जेवणाचं मेज. त्याभोवती काही म्हातारे जीव बसले आहेत. थोडे गिधाडासारखे, थोडे मगरीसारखे. अंगावर भरजरी कपड्यांचे थर आणि त्या कपड्यांतून बाहेर आलेली सुरकुतलेली मान. ताटातलं काही अन्न अजून वळवळतंय. कुणी हावरटपणे तोंडात कोंबतोय, कुणी शेजाऱ्याच्या ताटाकडे बघतोय, कुणी ओठ पुसून आपण फार खानदानी असल्याचा आव आणतोय. पहिल्यांदा पाहताना डोळे मेजावरच्या गोंधळावर राहतात. दुसऱ्यांदा पाहताना मागच्या रांगेतल्या एकाची बोटं दिसतात. ती कुणाशीही संबंध नसताना आपल्याशीच चाळा करत असतात. या प्रसंगात माणूस एकही दिसत नाही. खरं तर ९३ मिनिटांच्या संपूर्ण चित्रपटात माणसाचा चेहरा नाही.

जिम हेन्सन आणि फ्रँक ऑझ यांनी मिळून दिग्दर्शित केलेला 'द डार्क क्रिस्टल' अमेरिकेत १७ डिसेंबर १९८२ रोजी प्रदर्शित झाला. हेन्सन म्हणजे मपेट्सचे जनक. त्यांच्या नावावर मुलांना घेऊन आलेल्या पालकांना कर्मिट बेडकाची थट्टामस्करी अपेक्षित होती. पडद्यावर दिसला तो एक मरणारा सम्राट, जो प्राण जाताच धुळीसारखा ढासळून पडतो. त्याच वर्षी जूनमध्ये स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' येऊन गेला होता आणि परग्रहावरच्या प्राण्याकडून प्रेक्षकांना जिव्हाळा हवा होता. 'द डार्क क्रिस्टल'नं अमेरिकेत सुमारे ४ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. तो पडला नाही, पण ज्याची वाट पाहिली गेली होती तो चमत्कारही घडला नाही. समीक्षकांची मतं दुभंगली. कथा साधी, नायक फिका, आणि जग मात्र थक्क करणारं, असा एकूण सूर होता.

तो सूर मला चुकीचा वाटत नाही. पण चित्रपटाचं पुढचं आयुष्य त्यातूनच घडलं. कथा एकदा कळली की संपते. जग मात्र एका बैठकीत बघून संपत नाही. थिएटरात चित्र पुढे सरकत राहतं, प्रेक्षकाला थांबता येत नाही. घरी थांबता येतं, मागे जाता येतं, एकच कोपरा दहा वेळा बघता येतो. कॅसेट, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे अशा प्रवासात या चित्रपटाला आपला खरा प्रेक्षक मिळाला. तो का मिळाला हे समजायचं तर या बाहुल्या चालतात कशा, तिथून सुरुवात करायला हवी.

बाहुल्यांचे प्रकार आपल्याकडे अनोळखी नाहीत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांवर नाचतात, म्हणजे नाचवणारा वर असतो. हेन्सन यांच्या पद्धतीत तो खाली असतो. हात डोक्याच्या वर ताणून तो बाहुलीच्या डोक्यात घालायचा आणि बोटांनी तोंड चालवायचं. १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका टीव्ही केंद्रावर त्यांनी 'सॅम अँड फ्रेंड्स' हा छोटा कार्यक्रम सुरू केला. पहिला कर्मिट आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि पिंगपाँगच्या चेंडूच्या दोन अर्ध्या तुकड्यांतून झाला, तो तेव्हाच. बाहुल्यांच्या खेळाला एक छोटा रंगमंच लागतो, पडदा लागतो, ही समजूत त्यांनी तिथेच मोडली. टीव्हीची चौकट हाच रंगमंच. चौकटीच्या बाहेर जे आहे ते प्रेक्षकासाठी नाहीच. मपेट्सचं सगळं तंत्र या एका कल्पनेवर उभं आहे.

पण मपेट कमरेपर्यंतच असतो. त्याला पाय लागत नाहीत, कारण त्याच्या पायांच्या जागी माणूस उभा असतो. 'द डार्क क्रिस्टल'साठी हेन्सन यांना हवं होतं चालणारं, धावणारं, जेवणारं, मरणारं अख्खं जग. लुईस कॅरॉल यांच्या एका कवितेच्या सचित्र आवृत्तीत त्यांनी राजवाड्यात राहणाऱ्या, नटूनथटून बसलेल्या मगरींचं चित्र पाहिलं होतं. ती कल्पना त्यांच्या डोक्यात रुतून बसली. १९७८ मध्ये हिमवादळामुळे न्यूयॉर्कच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात मुलगी शेरिलसह अडकून पडले असताना त्यांनी गोष्टीचा पहिला आराखडा लिहून काढला. त्याआधीच त्यांनी ब्रायन फ्राउड या इंग्रज चित्रकाराला गाठलं होतं. आधी जग रेखाटायचं आणि मग त्या जगाला शोभेल अशी गोष्ट शोधायची, असा हा उलटा क्रम होता. चित्रपटाची ताकद आणि त्याचा दुबळेपणा दोन्ही या क्रमातून आले.

मेजाभोवतीच्या त्या दुष्ट जीवांचं नाव स्केकसिस. एक स्केकसिस चालवायला किती हात लागतात ते बघा. मुख्य कलाकार आत उभा. त्याचा एक हात डोक्याच्या वर ताणलेला. तोच स्केकसिसची मान, आणि पंजाच्या जागी डोकं. त्याचा दुसरा हात स्केकसिसचा एक हात होतो. मग स्केकसिसच्या दुसऱ्या हाताचं काय? तो दुसराच कलाकार चालवतो, तोही त्याच कपड्यांच्या आड दडून. डोळे फिरवणं, पापण्या मिटणं, भुवई उचलणं यासाठी आणखी काही जण बाजूला, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, केबल आणि रिमोट घेऊन बसलेले. म्हणजे एका पात्राचा एक कटाक्ष हा चार-पाच माणसांनी एकाच क्षणी घेतलेला निर्णय असतो. बोट आधी हललं आणि नजर उशिरा वळली, तर जीव गेलाच.

चेंबरलेन नावाच्या स्केकसिसकडे लक्ष देऊन पाहिलं की हे कळतं. तो बोलण्याआधी नाकातून एक लाडीगोडीचा, कुरकुरणारा आवाज काढतो, डोकं किंचित तिरकं करतो आणि हातांची बोटं एकमेकांत गुंफतो. ही तीन वेगवेगळ्या माणसांची कामं आहेत, पण पडद्यावर दिसतो तो एकच कावेबाज दरबारी. हा चेंबरलेन फ्रँक ऑझ यांनी चालवला. दोनच वर्षांपूर्वी, १९८० मध्ये, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधला योडा त्यांच्याच हातावर जिवंत झाला होता. तो चित्रपटही इंग्लंडमधल्या एल्सट्री स्टुडिओत झाला आणि त्याचे निर्माते गॅरी कर्ट्झच 'द डार्क क्रिस्टल'चेही निर्माते होते. बाहुलीला गंभीर भूमिका पेलते, तिच्या डोळ्यांत विचार दिसू शकतो, हे योडानं आधीच सिद्ध केलं होतं.

आत उभ्या असलेल्या कलाकाराला बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून त्याच्या छातीशी एक लहानसा टीव्ही मॉनिटर असायचा आणि त्यावर कॅमेरा जे टिपतोय ते चित्र यायचं. हे चित्र आरशासारखं नसतं. कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या कलाकारानं बाहुली आपल्या डाव्या बाजूला नेली की मॉनिटरवर ती उजवीकडे जाताना दिसते. नवख्या माणसाचा हात हमखास चुकीकडे वळतो. मपेट्सच्या मंडळींच्या हाताला हे उलटं गणित वर्षानुवर्षांच्या सवयीनं बसलेलं होतं. आणि मॉनिटरचा फायदाही तेवढाच मोठा. अभिनय करतानाच कलाकार स्वतःचा प्रेक्षक असतो. नाटकातल्या नटाला हे भाग्य मिळत नाही.

स्केकसिसांच्या विरुद्ध टोकाला मिस्टिक आहेत. शांत, मंद, वाकून चालणारे. त्यांच्या आतले कलाकार जवळजवळ उकिडवे बसून, कंबरेत मोडून, एक हात पुढे ताणून चालायचे, कारण त्या हाताच्या टोकाला मिस्टिकचं डोकं होतं. त्यांच्या त्या धीमेपणाला जे वजन आहे ते शरीराच्या खऱ्या कष्टातून आलेलं आहे. या कामासाठी नर्तक, मूकाभिनय करणारे, कसरतपटू निवडले गेले आणि जाँ-पिएर आमिएल या स्विस मूकाभिनेत्यानं त्यांची महिनोन्‌महिने तयारी करून घेतली. गार्थिम नावाचे खेकड्यासारखे प्रचंड सैनिक हे सुमारे ३० किलोचं कवच अंगावर चढवलेले कलाकार होते. दोन शॉटच्या मध्ये त्यांना कवचासकट रॅकवर टांगून ठेवावं लागे, म्हणजे खांद्यांवरचा भार थोडा वेळ उतरे. लँडस्ट्रायडर हे लांबलचक पायांचे, वाऱ्यासारखे धावणारे प्राणी. त्यांच्या आत एकेक कलाकार हात आणि पाय अशा चारही अवयवांना काठ्या बांधून चालतो. नायक जेन आणि त्याची सोबतीण किरा त्यांच्यावर बसून दौड मारतात तो प्रसंग आजही पाहताना अंगावर काटा येतो. त्या धावण्यातली थोडीशी डगमग खरी आहे, तोल खरोखर सांभाळला जातोय.

आता नायकाबद्दल. जेन हा गेल्फलिंग जमातीतला मुलगा, एकाकी, मिस्टिकांनी वाढवलेला. हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या स्फटिकाचा तुकडा शोधून तो पुन्हा जागी बसवायचा, ही त्याची कामगिरी. त्याला खुद्द हेन्सन यांनी चालवलं, त्याची सोबतीण किरा हिला कॅथरिन मलन यांनी. दूरच्या शॉटमध्ये वेशात छोट्या चणीचे कलाकार असायचे. केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे किरण शाह हे त्यांपैकी एक. जेन हा चित्रपटाचा कच्चा दुवा आहे, आणि कारण तंत्रातच दडलंय. त्याचा चेहरा माणसासारखा, तुकतुकीत, लहान मुलाचा. माणसाचा चेहरा आपण जन्मापासून वाचत आलोय, त्यामुळे त्यातली एक चुकलेली पापणीही आपल्याला लगेच खटकते. स्केकसिससारखा चेहरा आपण कधी पाहिलेलाच नाही, म्हणून त्याची हालचाल हीच त्याची रीत असं डोळे मान्य करतात. शिवाय सुरकुत्या यंत्र लपवतात, गुळगुळीत गाल ते उघडं पाडतो. पुढच्या काळात अनेकांनी संगणकावर माणसाचे चेहरे घडवण्याचा खटाटोप केला आणि तेही याच दगडाला ठेचकाळले.

सेटची रचनाही बाहुल्यांच्या सोयीनं झाली. जमिनीचे तळ उंचावर बांधलेले, त्यांत काढता-घालता येणारे तुकडे, म्हणजे हवं तिथं फळी काढून कलाकाराला खाली उभं राहता यावं. जंगलातल्या प्रसंगांत जमीन, शेवाळ, पानं, किडे, फुलं सगळं थोडं थोडं हलत असतं, कारण खालून, मागून कुणीतरी ते हलवतंय. एकच क्षण दिसून नाहीसे होणारे कितीतरी प्राणी तिथं आहेत. ऑग्रा या म्हातारीच्या वेधशाळेत ग्रहगोलांचं अवाढव्य यंत्र खरोखर फिरतं; ती बोलता बोलता त्याच्या फिरणाऱ्या दांड्यांखालून सवयीनं वाकून जाते. तिला त्या यंत्राचं काही कौतुक नाही, ती तिथंच राहते. जग खरं वाटतं ते अशा बेफिकिरीतून. फ्राउड यांनी तर किल्ल्याच्या भिंतींपासून कपड्यांपर्यंत वर्तुळं, त्रिकोण आणि चक्राकार रेषा पेरून ठेवल्या आहेत. त्या जगाला तीन सूर्य आहेत आणि ते एका रेषेत येण्यावर सगळी कथा टांगलेली आहे. ही माहिती चित्रपट तोंडानं सांगण्याच्या कितीतरी आधी भिंतीवर कोरलेली असते. पहिल्या वेळी हे कुणाला दिसणार? पाचव्या वेळी दिसतं.

आवाजाची कथा वेगळीच आहे. स्केकसिसांनी आपल्या भाषेत बोलावं आणि प्रेक्षकांनी ते हावभावांतूनच समजून घ्यावं, उपशीर्षकंही नकोत, अशी हेन्सन यांची मूळ योजना होती. तसा चित्रपट तयारही झाला. चाचणी खेळातला प्रेक्षक गोंधळला आणि स्केकसिसांचे संवाद इंग्रजीत नव्यानं भरावे लागले. त्यामुळे काही ठिकाणी आज कथा गरजेपेक्षा जास्त समजावून सांगितल्यासारखी वाटते. पण बाहुल्या चालवणाऱ्यांनी अभिनय केला तो संवाद कळणार नाहीत हे गृहीत धरून. सगळा अर्थ मानेत, हातांत, अंतरात ओतलेला आहे. चेंबरलेन गादीसाठीच्या दगड फोडण्याच्या झुंजीत हरतो आणि बाकीचे त्याच्या अंगावरचे कपडे ओरबाडून काढतात, तो प्रसंग टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून पाहा. एक शब्द ऐकू न येता सगळं कळतं: आधीचा उर्मटपणा, मग अविश्वास, मग लाज. डीव्हीडीवरच्या अतिरिक्त भागांमध्ये मूळ भाषेतले काही कच्चे प्रसंग ठेवलेले आहेत, ते जरूर पाहावेत. शिवाय 'द वर्ल्ड ऑफ द डार्क क्रिस्टल' हा माहितीपटही डिस्कवर असतो. कवचात घुसणारे, घामेजलेले कलाकार त्यात प्रत्यक्ष दिसतात.

चित्रपट १९८३ मध्ये व्हीएचएस कॅसेटवर आला आणि घराघरांत पोचला, पण पोचला तो कापलेला. मूळ चित्र रुंद, २.३५ ला १ अशा प्रमाणाचं. जुन्या टीव्हीचा पडदा ४ ला ३, म्हणजे साधारण १.३३ ला १. उंची पूर्ण ठेवून रुंद चित्र त्या चौकटीत बसवायचं तर दोन्ही बाजू मिळून ४० टक्क्यांहून अधिक चित्र टाकून द्यावं लागतं. जेवणाच्या मेजाभोवती बसलेल्यांपैकी निम्मे त्या कातरीखाली गेले. त्यात व्हीएचएसला आडव्या दिशेनं जेमतेम २४० रेषांइतका तपशील पेलायचा आणि अंधाऱ्या प्रसंगांत काळा रंग चिखल व्हायचा. या चित्रपटाचा निम्मा जीव अंधारात आहे. ज्येष्ठ छायाचित्रकार ऑझवाल्ड मॉरिस यांनी कॅमेऱ्यापुढे लाइटफ्लेक्स नावाचं उपकरण लावून प्रत्येक प्रसंगाला हलकी रंगछटा दिली होती, फ्राउड यांच्या जलरंगांची आठवण व्हावी म्हणून. कॅसेटवर ती छटा ओळखूही येत नसे. तरीही मुलांनी तीच कॅसेट झिजेपर्यंत पाहिली. पॉज दाबला की पडद्यावर रेघांचा थरथराट व्हायचा, पण त्यातूनही ती मुलं चित्र वाचायची.

१९९९ मध्ये डीव्हीडी आली आणि रुंद चित्र परत मिळालं, पॉज केलेली चौकट स्थिर राहू लागली. २००९ मध्ये ब्लू-रे आली. तिच्यात चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचं. कपड्यांची वीण, मुद्दाम विटवलेलं कापड, कातडीवरचे डाग तिथं दिसू लागले. २०१८ मध्ये मूळ निगेटिव्हवरून नव्यानं उजळलेली फोर-के आवृत्ती आली. जुन्या चित्रपटांचं असं उजळणं नेहमी फायद्याचं असतं असं नाही. कित्येकदा दोऱ्या आणि जोड उघडे पडतात. इथं उलट झालं. कारागिरांनी कॅमेऱ्याला दिसेल त्यापेक्षा जास्त काम करून ठेवलं होतं, आणि पडद्याची ताकद त्यांच्या कामापर्यंत पोचायला ३५ वर्षं लागली. १९८२ सालीच संगणकचित्रांचा मोठा प्रयोग म्हणून गाजलेला 'ट्रॉन' आला होता. त्याचं ऐतिहासिक मोल मोठं आहे, पण त्यातलं चित्र आज आपलं वय सांगतं. स्केकसिसच्या गालावर पडलेला उजेड मात्र खऱ्या दिव्याचा आहे. त्याला वय कुठलं?

आणखी एक गोष्ट या टिकण्यामागे आहे. चित्रपट पूर्ण होता होता पैसा लावणाऱ्या कंपनीची मालकी बदलली, आणि नव्या मालकांना चित्रपटात रस उरला नाही. तेव्हा हेन्सन यांनी पदरचे पैसे मोजून तो विकत घेतला. १९९० मध्ये अवघ्या ५३ व्या वर्षी ते गेले, पण चित्रपट त्यांच्या कंपनीकडेच राहिला. त्यामुळे तो कुठल्याशा गोदामात हरवला नाही. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'एज ऑफ रेझिस्टन्स' ही पूर्वकथेची दहा भागांची मालिका आली, तीही बाहुल्यांचीच. संगणकानं तिथं कलाकार आणि काठ्या पुसून टाकल्या, पण स्केकसिसच्या मानेत माणसाचाच हात होता. तिच्या रचनेवर देखरेख करणारे टोबी फ्राउड हे ब्रायन आणि वेंडी फ्राउड यांचे चिरंजीव. वेंडी यांनी जेन आणि किरा घडवले. दोघांची भेटच या चित्रपटाच्या कामात झाली. मालिकेला एमी पुरस्कार मिळाला, तरी एका पर्वानंतर ती बंद केली गेली. हा निर्णय मला आजही पटलेला नाही.

मूळ बाहुल्यांची त्वचा फोम लॅटेक्सची. हवेतल्या ऑक्सिजननं ती वर्षानुवर्षं कडक होत जाते, भुगा होऊन पडते. अटलांटातलं सेंटर फॉर पपेट्री आर्ट्स आणि न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज ही संग्रहालयं हेन्सन यांच्या बाहुल्या जिवापाड जपतात. पण ऐन भरातले स्केकसिस बघायचे तर आज चित्रपटाशिवाय दुसरी जागा नाही.

'झपाटलेला'तला रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू ज्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलाय, त्यांना बाहुलीची भीती आणि बाहुलीची भुरळ दोन्ही ठाऊक आहेत. त्यांनी 'द डार्क क्रिस्टल' पाहावाच. फार लहान मुलांना मात्र एकटं बसवू नका. पॉड नावाच्या जमातीतल्या लोकांच्या डोळ्यांतलं सत्त्व शोषून घेण्याचा प्रसंग मोठ्यांनाही अस्वस्थ करतो. पहिल्यांदा सलग पाहा, खोलीतले दिवे मालवून. नंतर एकदा आवाज बंद करून, हवं तिथं थांबवून पाहा. प्रत निवडताना एवढंच तपासा: आजच्या टीव्हीवर चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. त्या दिसत नसतील तर ते चित्र कापलेलं आहे. दुसरी प्रत शोधा.